वीतभर हिरवी लोकर

१

परीक्षा अर्ध्यावर टाकून एक मुलगी उठली, पर्यवेक्षिकेच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "पडद्यावर जो उतारा आहे ना, तो माझ्या बाबांच्या मरणाचा आहे." मग खुर्चीवरचा कोट घेऊन ती निघून गेली. तिचे पुढचे सगळे प्रश्न कोरे राहिले.

हे झालं इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, पण खापर फुटलं हॅलिफॅक्सला आमच्या डोक्यावर, कारण उतारा आमचा होता.

आमची कंपनी अशा परीक्षांचे प्रश्न तयार करते. एक छोटा उतारा, त्याखाली चार विधानं, आणि प्रत्येक विधानाला तीनच उत्तरं: खरं, खोटं, सांगता येत नाही. नियम एकच. उताऱ्यात आहे तेवढंच धरायचं, पदरचं काही घालायचं नाही. पाणी ओलं असतं हेसुद्धा उताऱ्यात लिहिलेलं नसेल तर सांगता येत नाही. ही परीक्षा ॲम्ब्युलन्सवरचं काम शिकू पाहणाऱ्या मुलांची होती. उतारे निवडायचे आणि वाक्य न् वाक्य घासून घ्यायचं हे काम माझं. माझं नाव वसुधा. पण इथल्या तीस वर्षांत ते कोणाच्याच जिभेला झेपलेलं नाही, म्हणून मी वॅस.

आमचे मालक मिस्टर क्रॅबट्री यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मते पोरीला पेपर अवघड गेला होता आणि तिने रडगाणं रचलं होतं. वर परीक्षेतला मजकूर चारचौघांत बोलून तिने नियम मोडला होता. सोमवारी ते तिचं नाव परीक्षेतून कायमचं काढून टाकणार होते. त्याआधी मला काही बघायचं असेल तर मी बघावं, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं.

मी उतारा पुन्हा काढून वाचला. तो असा होता:

"हॉलंडमधल्या एका कालव्याच्या लॉकवर संध्याकाळी एक कामगार फेरी मारत होता. लॉकच्या पाण्यात एक कुत्रा पडलेला त्याला दिसला. कुत्र्याचा मालक काठावर उभा होता. जवळ दोर नव्हता. कामगाराने लॉकच्या दरवाज्यावर पालथं पडून गळ्यातला मफलर कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवला आणि दुसरं टोक मालकाच्या हातात दिलं. मफलर तपकिरी होता. लोकर संपल्यामुळे शेवटची वीत हिरव्या लोकरीने पुरी केली होती. मालकाने कुत्र्याला वर ओढलं. त्यानंतर कामगाराचा तोल गेला आणि तो पाण्यात पडला. मालकाला भिंतीतल्या शिडीवर एक हात दिसला. मालक कुत्र्याला घेऊन घरी गेला."

विधानं चार. कामगाराने दोर वापरला: खोटं. मफलर एकाच रंगाचा होता: खोटं. मालक कुत्र्यासह घरी गेला: खरं. कामगार पाण्यातून जिवंत बाहेर आला: सांगता येत नाही.

चांगला उतारा होता. मीच पसंत केला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. जोसी बॅरक्लो, वय अठरा, ओठ घट्ट मिटलेले. मी तिला चहा दिला आणि समजुतीच्या सुरात म्हटलं की कालव्यात बुडणारी माणसं जगात पुष्कळ असतात.

"असतील," ती म्हणाली. पिशवीतून तिने हिरव्या लोकरीचा एक अर्धा गुंडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "पण तो मफलर मी विणलाय."

२

जोसीचे वडील, नेव्हिल बॅरक्लो, आमच्याच खोऱ्यातल्या स्कारफूट गावी कालव्याच्या देखभालीवर होते. बोटी खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढवायला कालव्यात जो दगडी हौद असतो, तो लॉक. त्याला दोन्ही अंगांना लाकडाचे भलेथोरले दरवाजे असतात. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत तिथल्या लॉकमध्ये नेव्हिलचं प्रेत सापडलं. त्याची नोकरी नुकतीच गेली होती, पोटात बीअर होती, आणि त्या संध्याकाळी घरात कडाक्याचं भांडण झालं होतं.

"आई त्यांना म्हणाली होती, आता परत येऊ नका," जोसीने सांगितलं. "आणि ते आले नाहीत."

पिऊन तोल गेला की मुद्दाम उडी घेतली, हे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कॉरोनरला, ठरवता आलं नाही. त्याने निकाल मोकळा ठेवला. म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत, सांगता येत नाही. आम्ही ते उत्तर दिवसातून पन्नास वेळा लिहितो आणि चहा प्यायला उठतो. मॉरीन बॅरक्लो, जोसीची आई, सहा वर्षं त्या उत्तरात राहत होती. आपल्या बोलण्यामुळे नवरा गेला असं तिने मनाशी धरलं होतं आणि त्यानंतर ती घरात मोठ्याने बोललेलीच नव्हती.

"आणि मफलर?"

"खुंटीवर नव्हता, बाबांच्या गळ्यातही नव्हता. आईला वाटतं रागारागात त्यांनी तो फेकून दिला." जोसी गुंड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होती. "मला पण तसंच वाटायचं. बारा वर्षांची होते मी. लोकर पुरली नाही म्हणून हिरवं टोक लावलं, ते त्यांना आवडलं नसेल. हे पोलिसांना कोणी सांगितलं नाही, पेपरात आलं नाही. मग तुमच्या उताऱ्यात कुठून आलं?"

ती पोलिसांकडे जाऊन आली होती. हॉलंडमधल्या काल्पनिक कामगाराबद्दल आम्ही काय करणार, असं त्यांनी विचारलं होतं.

त्या मफलरच्या वाक्याची कथा मला माहीत होती.

आमचे उतारे तीन जण लिहितात. ग्रॅहम ऑलरेनशॉ, निवृत्त भूगोलशिक्षक, सतत बिस्किटाचा चुरा अंगावर आणि एक स्पॅनियल कुत्रा पायाशी. लायनल मॉट्रम, पूर्वीचा ग्रंथपाल, कालव्यावर एका लांबट बोटीत राहतो आणि त्याच्या कपड्यांना कायम कोळशाचा वास येतो. आणि फिलिपा डेनहोम, पूर्वीची वकील, आमच्यातली सगळ्यात तल्लख. फिलिपा माझी वीस वर्षांची मैत्रीण. स्कारफूटला राहून तिने आधी आईचं आणि आईच्या म्हाताऱ्या टेरिअर कुत्र्याचं पथ्यपाणी केलं, आणि आई गेल्यावर घर विकून ती हॅलिफॅक्सला माझ्या दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली. स्कारफूट तसं तिघांनाही जवळचं. ग्रॅहमचा जन्म तिथला, लायनलची बोट तिथे बांधलेली.

उतारा कोणाचा, हे मला माहीत नव्हतं. ते कोणालाच माहीत नसावं अशी आमची रीत आहे. उतारे नंबरावर येतात, आणि पसंत झाला की नंबराची चिठ्ठी फाडून टाकतात, म्हणजे परीक्षेआधी कोणी लिहिणाऱ्याला गाठून उत्तरं काढू नयेत. शिवाय तपासणीला तिघेही बसतात आणि प्रत्येक उताऱ्यावर तुटून पडतात, स्वतःच्यासुद्धा. आपल्याच लेकराला चारचौघांत झोडपायचं आणि चेहरा हलू द्यायचा नाही. या कलेत तिघेही मुरलेले होते.

या उताऱ्याच्या तपासणीत मी एक विधान उडवलं होतं. "कामगाराला कुत्रे आवडत," असं काहीतरी होतं. मी म्हटलं होतं, मला याच्या जागी एक ठणठणीत 'खोटं' हवंय, उद्या सकाळी माझ्या पेटीत टाका. सकाळी टंकलेली चिठ्ठी पेटीत होती: मफलरच्या रंगाचं वाक्य आणि त्याचं विधान.

ऐनवेळी मागितलं की माणूस कल्पना करत बसत नाही, आठवतो. मी त्या माणसाच्या आठवणीत हात घातला होता आणि तो मफलर बाहेर आला होता.

मी जोसीला म्हटलं, "सोमवारपर्यंत मला दे."

३

त्या तपासणीत कोण काय बोललं ते मी आठवायला बसले. माझी स्मरणशक्ती तिखट आहे. नवरा असताना त्याला त्याचा फार जाच होता.

उताऱ्यावर पहिली तोफ ग्रॅहमने डागली होती. कुत्रा पोहत जाऊन पायऱ्या का चढला नाही, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या स्पॅनियलने एव्हाना तीन फेऱ्या मारल्या असत्या. लायनल म्हणाला, लॉकला पायऱ्या नसतात, सरळ भिंती असतात. मी त्याला पदरचं घालू नको म्हणून टोकलं. तो चिडून म्हणाला की मग पाणी खोल आहे हे तरी कोण सांगतंय. फिलिपा म्हणाली, तीन पायांवर चालणारं म्हातारं कुत्रं असल्या थंड पाण्यात पोहणार किती, मफलर ठीक आहे, पुढे चला, मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. मग ग्रॅहमने कुत्र्याचं वजन आणि मफलरची ताकद यावर एक व्याख्यान झोडलं आणि चहा आला.

यातून मला काही मिळालं नाही. मी उताऱ्याकडे वळले. कुत्र्याचा मालक कोण? पुरुष. कुत्रा कोणाकडे आहे? ग्रॅहमकडे. मी त्याच्या घरी गेले.

ग्रॅहमने दार उघडलं तेव्हा स्पॅनियल माझ्या अंगावर झेपावला. मी सरळ विषयाला हात घातला आणि विचारलं की कालव्याचा उतारा त्याचा का. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुला कळलं तर."

मला त्याची दया आली. मी म्हटलं, "बोल, ग्रॅहम. बोललास की हलकं वाटेल."

त्याने हलकं करून घेतलं. गेली दोन वर्षं तो उतारे स्वतः लिहीतच नव्हता. एका जुन्या शालेय भूगोलाच्या पुस्तकातून उचलून नद्यांची नावं बदलत होता. बायको गेल्यावर त्याला काही सुचेनासं झालं होतं. ताग, कोको, मेंढ्यांची लोकर, सगळं तिथलंच.

"आणि कुत्रा?"

"कोणता कुत्रा?"

स्पॅनियल दोन वर्षांचा होता. बायको होती तोवर घरात कुत्र्याला बंदी होती. तिच्या दम्यामुळे साधी मांजरही त्या घराच्या पायरीला शिवली नव्हती. कालव्याचा उतारा त्याचा नव्हता. त्या पुस्तकात हॉलंडवर पान होतं, पण त्यात फक्त चीज होतं.

मी निघाले तेव्हा तो दारात उभा होता. "क्रॅबट्रीला सांगशील?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. आता माझ्या गळ्यात त्याचंही लोढणं पडलं. चौकशीचं असंच असतं. एकाची चोरी शोधायला जावं तर दुसऱ्याची हाती लागते आणि ती परत ठेवायची कुठे ते कळत नाही.

राहिला लायनल.

४

लायनलच्या बोटीत दोन माणसं बसली की तिसऱ्याने काठावर थांबावं इतकीच जागा आहे. त्याने शेगडीवर चहा ठेवला. मी त्याच्यापुढे उतारा ठेवला. तपासणीनंतर लिहिणाऱ्यांना पक्का मजकूर परत दाखवत नाहीत, त्यामुळे हिरव्या लोकरीचं वाक्य त्याने आधी पाहिलं असेल तर ते स्वतः लिहिलं म्हणूनच.

तो वाचत गेला. मफलरपाशी त्याची नजर थांबली. मग किटली उतू गेली तरी तो उठला नाही.

"हे नेव्हिलचं आहे," तो म्हणाला.

"तुला त्याचा मफलर कसा माहीत?"

"त्याने दाखवला होता, पबमध्ये. लेकीने विणलाय म्हणाला, लोकर संपली म्हणून तिने हिरवी लावली, मला तर तेच टोक आवडतं. ते टोक वर ठेवून बसला होता, लोकांना दिसावं म्हणून." लायनलने शेगडी बंद केली. "त्याच संध्याकाळी, वॅस. दुसरा ग्लास मी पाजला त्याला."

कालव्यावर राहणारा माणूस, त्या संध्याकाळी तिथे, आणि मफलर ओळखणारा. मला वाटलं, सापडला.

"आणि चौकशीत तू गप्प बसलास."

"बसलो. तो पिऊन पडला असं सगळे म्हणत होते. पाजलं कोणी, तर मी. काय तोंडाने जाऊ? दोनच ग्लास झाले होते त्याचे, चांगला सरळ चालत गेला. मासे-चिप्स घेऊन घरी जातो म्हणाला, बायकोला व्हिनेगर जास्त लागतं, तेवढ्याने राग जाईल." त्याने डोळे पुसले. "हे मॉरीनला मी सांगायला हवं होतं. दर नाताळात ठरवतो."

मी विचारलं की मग कुत्र्याचं काय झालं. त्या संध्याकाळी कुत्रा होता हे त्याला आत्ता कळत होतं, माझ्याच कागदावरून. तपासणीत उतारा वाचला तेव्हा नेव्हिल त्याच्या मनातही आला नव्हता. पडून मेलेला दारुडा आणि कुत्र्याला वाचवणारा माणूस एकच, असं कोणाच्या मनात येणार?

"म्हणजे तो उडी मारून मेला नाही," लायनल सावकाश म्हणाला. "आणि कोणीतरी हे बघत उभं होतं."

तो खोटं बोलत असेल का, याचा विचार करत मी काठाने चालू लागले. स्कारफूटचं लॉक पुढेच होतं. मी दरवाज्यापाशी थांबले. दोन्ही बाजूंना सरळ काळ्या भिंती, एका भिंतीत लोखंडी शिडी. पलीकडे टेकाडावर बंगल्यांची रांग. त्यातला कडेचा बंगला मला चांगला माहीत होता. शनिवारी दुपारी मी तिथे वरणाचा डबा घेऊन जायचे. दार उघडलं की एक म्हातारं टेरिअर पुढे यायचं, पुढचा उजवा पंजा वर उचलून, लंगडत.

तीन पायांवर चालणारं म्हातारं कुत्रं.

मी तिथेच उतारा उघडला आणि पहिल्यापासून वाचला. कुत्रा पाण्यात पडलेला होता. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता. कुत्रा वर आला. त्याचं वय कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याचा अधू पायही लिहिलेला नव्हता.

आणि मालक पुरुष, म्हणून लिहिणारा पुरुष, हे पदरचं मी घातलं होतं. वीस वर्षं लोकांना हेच करू नका म्हणून शिकवत आले होते.

५

मी दोन दिवस फिलिपाकडे गेले नाही. गेले नाही म्हणजे जाववलं नाही. माझा नवरा गेला तेव्हा पहिला महिना तिने मला एकटीला जेवू दिलं नव्हतं. जोसीला मी चार दिवसांपूर्वी ओळखतही नव्हते. मनात सारखं यायचं की नंबराची चिठ्ठी फाटली आहे, पुरावा काही नाही, सांगता येत नाही म्हणून मोकळं व्हावं. किती सोपं उत्तर आहे ते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रविवारी दुपारी गेले. ती स्वयंपाकघरात मफिन भाजून लोणी लावत होती. मी उतारा टेबलावर ठेवला.

"हा कोणाचा ते विचारू नकोस," ती लगेच म्हणाली. "चिठ्ठी फाटली. नियम तूच केलायस."

"नाही विचारत. फक्त एवढं सांग, यात कुत्र्याचे तीन पाय कुठे आहेत?"

तिने वाचलं. तिच्यासारखी वाचणारी मी पाहिलेली नाही. उताऱ्यातून ती सुईच्या टोकाएवढी फट शोधायची. तिने दोनदा वाचलं आणि सुरी खाली ठेवली.

"मी म्हटलं होतं का तसं?"

"म्हटलं होतंस. मग दातांच्या डॉक्टरकडे गेलीस."

तिने मफिनची ताटली बाजूला सारली. मग सांगू लागली, आणि वकिलासारखं ओळीने सांगितलं. आईने कुत्र्याला फिरवून आणायला पाठवलं होतं. बर्फावरून घसरून ते लॉकमध्ये पडलं. नेव्हिल घाईघाईने चालला होता, तिने हाक मारली, तो थांबला. बाकीचं उताऱ्यात होतं तसंच. तो पडल्यावर तिला शिडीवर हात दिसला, म्हणजे तो वर येतोय असं तिला वाटलं. आईला एकटं टाकून आली होती, कुत्रं गारठलं होतं, ती घरी गेली. सकाळी बातमी कळली. मग तिला वाटलं की आता सांगितलं तर लोक विचारतील, तू थांबली का नाहीस. एक दिवस गेला, मग आठवडा, मग चौकशी संपली.

"मग सहा वर्षांनी हे का लिहिलंस?"

"कारण तुम्ही ते तपासणार होतात." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तीन हुशार माणसं बसून वाक्य न् वाक्य बघणार. शिडीवर हात दिसला, मालक घरी गेला. कामगार वाचला का? सांगता येत नाही. त्या मालकाला तेव्हा कळणं शक्यच नव्हतं, असं तुम्ही ठरवणार. मला ते एकदा दुसऱ्या कोणाकडून हवं होतं. आणि तू दिलंस, वॅस. उत्तर बरोबर, अशी खूण केलीस."

मी केली होती. हिरव्या शाईने, ठसठशीत.

शिडी हाताला लागलेला धट्टाकट्टा माणूस बुडतो कसा, हे मला खटकत होतं. मी उतारा तिच्यासमोर सरकवला आणि शेवटून दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. मी परीक्षेत विचारतात तसंच विचारलं. "मालकाला शिडीवर हात दिसला. खरं, खोटं, की सांगता येत नाही?"

मी बोट काढलं नाही.

"खोटं," फिलिपा म्हणाली.

"मग हात कुठे होता?"

"वर. माझ्याकडे." तिने स्वतःचा हात टेबलावरून थोडा उचलला. "मफलर मागत होता तो. मफलर माझ्या हातात होता, फक्त खाली सोडायचा होता. पण दुसऱ्या हातात कुत्रं होतं, ते धडपडत होतं, आणि मला वाटलं तो मला आत ओढेल. मी मागे सरले. मग पाणी शांत झालं."

ती उठून आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात मफलर होता. धुऊन, घडी घालून, कापडात गुंडाळून ठेवलेला. हिरवी वीत वर होती.

६

आम्ही लायनलला बरोबर घेतलं आणि त्याच दुपारी बॅरक्लोंकडे गेलो. आधी तिथे, मग पोलिसांकडे, हा फिलिपाचाच आग्रह होता. जोसीने दार उघडलं आणि तिची नजर सरळ कापडाच्या गुंडाळीवर गेली.

फिलिपाने उभ्यानेच सगळं सांगितलं. शिडीवरचा हात तिने पुन्हा आणला नाही. वर आलेला हात सांगितला, मागे सरलेलं पाऊल सांगितलं. मॉरीन खिडकीशी बसली होती. मफलर तिने मांडीवर घेतला आणि त्याचं हिरवं टोक मुठीत धरलं.

"म्हणजे त्यांनी तो फेकला नव्हता," ती म्हणाली. इतक्या हळू की आम्ही पुढे वाकलो.

लायनलने सांगितलं की फेकतो कसला, पबभर मिरवत होता. मग अडखळत दुसऱ्या ग्लासाचं सांगितलं, आणि मासे-चिप्सचं.

"व्हिनेगर जास्त," मॉरीन म्हणाली.

"हो, तसंच म्हणाला तो."

तेव्हा तिने मफलर तोंडावर धरला आणि मोठ्याने रडली. सहा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा आवाज झाला असेल. लायनल तिच्यापाशी खाली बसला. माझं तिथे काहीच काम नव्हतं. ज्या उताऱ्याने त्यांच्या घरची संध्याकाळ परीक्षेत टाकली त्यावर माझी खूण होती, आणि त्या मुलीला मी पहिल्या भेटीत चहा देऊन समजूत घातली होती. मला लाज वाटत होती, आणि ती कोणापुढे मांडावी तेही कळत नव्हतं.

जोसी रडली नाही. आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि फिलिपासमोर उभी राहिली.

"मी परीक्षेतून उठले नसते," तिने विचारलं, "तर तुम्ही हे कधीतरी सांगितलं असतंत?"

फिलिपाने प्रामाणिकपणे विचार केला. तो तिचा स्वभाव आहे, आणि तोच तिचा घात करतो. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मला येतं," जोसी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मिस्टर क्रॅबट्रींना मी रस्त्यातूनच फोन केला. मुलीचं नाव काढायचं नाही, तिला परीक्षा पुन्हा द्यायला मिळाली पाहिजे, आणि नाही मिळाली तर माझा राजीनामा टेबलावर असेल, असं सांगितलं. ते बरंच कुरकुरले, आणि शेवटी कबूल झाले.

पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं. फिलिपा पहिल्या पायरीवर थांबली. वर दिव्याखाली काचेचं दार होतं आणि आत एक पोलीस काहीतरी खात बसला होता.

"वॅस," ती म्हणाली, "पाय घसरतोय माझा." आणि तिने हात पुढे केला.

माझ्या एका हातात पर्स होती. दुसरा रिकामा होता. जोसीने लावून घेतलेलं ते दार माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि हा हात द्यावा की नाही ते मला कोणी सांगणार नव्हतं. मी तो दिला. तिने घट्ट धरला, आणि आम्ही दोघी वर चढू लागलो.